एक्स५७० चिपसेटचा छोटा पंखा: किरकिर घालवायची, पण चिप तापू द्यायची नाही

विदर्भी_पीसी

घरी जोडलेल्या पीसीत चिपसेटवरचा (म्हणजे मदरबोर्डवरची, एसएसडी-यूएसबी वगैरे सांभाळणारी चिप) पंखा सोडला तर बाकी सगळं शांत आहे. त्या एकाचा बंदोबस्त करायचाय.

सामान असं: रायझेन ७ ३७००एक्स, एक्स५७० चा एटीएक्स बोर्ड, सुमारे २२० वॉटचं तीन पंख्यांचं ग्राफिक्स कार्ड (अडीच स्लॉट जाड, चिपसेट पूर्ण झाकतं), दोन जेन४ एनव्हीएमई एसएसडी. विंडोज वरच्या एम.२ स्लॉटमध्ये, व्हिडिओ एडिटिंगच्या फाइल आणि गेम खालच्या स्लॉटमध्ये. कॅबिनेट मिड-टॉवर, समोर १२० मिमीचे दोन पंखे, मागे एक. एसएमपीएस तळाशी, त्यावर जाळीचं झाकण.

खोलीत ३१ अंश असताना एचडब्ल्यूइन्फोमधले (तापमान आणि पंख्यांचा वेग दाखवणारं सॉफ्टवेअर) आकडे: नुसता ब्राउझर उघडा असेल तर चिपसेट ६४, पंखा २,५०० आरपीएम. तासभर गेम चालला की चिपसेट ७९, पंखा ३,९०० च्या आसपास. २,५०० ला हलकी किणकिण, ३,९०० ला कानाशी डास घोंगावतोय असा आवाज.

पंख्याची वायर काढून टाकली तर चालेल का? की त्या जागी नॉक्टुआ कंपनीचा ४० मिमीचा बसवावा? थर्मल पॅड (चिप आणि तिच्यावरच्या धातूमधला उष्णता वाहणारा मऊ तुकडा) बदलून खरंच फरक पडतो का, की नुसती हौस? आणि कुठल्या आकड्याला घाबरायचं? नागपूरचा मे ध्यानात घेऊन सांगा. दुपारी खोली ४० ला जाते, कूलर लावला तरी ३४. म्हणजे वरच्या आकड्यांत तीन ते नऊ अंश मिळवूनच विचार करावा लागतो.

मंद_वारा

वायर काढू नका, नवा पंखाही इतक्यात घेऊ नका. आधी उष्णता येते कुठून ते बघू.

एक्स५७० ही चिप एएमडीने रायझेन ३००० मधल्या आय/ओ डायवरूनच (प्रोसेसरमधला बाहेरची जोडणी सांभाळणारा सिलिकॉनचा तुकडा) बेतली आहे. पीसीआयई ४.० च्या लेन (कार्ड आणि एसएसडीचा डेटा जाण्याचे मार्ग) आल्या आणि उष्णता ११ वॉटच्या घरात गेली. त्या काळातले इंटेलचे झेड३९०, झेड४९० हे ६ वॉटचे. पण ११ वॉट म्हणजे फार नाही. तळहाताएवढा, बोटभर उंच फिन असलेला ॲल्युमिनियमचा हीटसिंक तेवढी उष्णता आवाज न करता सोडतो. गोची अशी की वर ग्राफिक्स कार्ड येतं, म्हणून हीटसिंक चपटा ठेवावा लागतो आणि कमी पडलेल्या उंचीची भरपाई छोट्या पंख्याने केली जाते. २०१९ मध्येच गिगाबाइटचा एक्स५७० ऑरस एक्स्ट्रीम बिनपंख्याचा आला होता, हीटसिंक बोर्डभर पसरवून. २०२१ मध्ये आलेले एक्स५७०एस बोर्ड तर बिनपंख्याचे म्हणूनच विकले गेले. तेव्हा चिपला पंखा हवाच असतो असं नाही. तिला पुरेसा धातू आणि थोडी हलती हवा लागते.

छोट्या पंख्याचा आवाज डोक्यात जातो त्याचं कारण डेसिबलपेक्षा त्याचा सूर. पात्यांची संख्या गुणिले आरपीएम भागिले ६० एवढ्या हर्ट्झला मुख्य सूर असतो. नऊ पात्यांचा पंखा ३,९०० ला फिरला तर ५८५ हर्ट्झ, आणि त्याच्या पटीतले सूर वर १,००० ते २,००० च्या पट्ट्यात, जिथे कान तिखट असतो. १२० मिमीचा सात पात्यांचा पंखा ६०० आरपीएमला ७० हर्ट्झवर असतो. तो ऐकू आला तरी खोलीतल्या छताच्या पंख्यात मिसळून जातो. म्हणजे छोट्या पंख्याचं काम मोठ्या, मंद पंख्याकडे द्यायचं, एवढंच सूत्र.

आता तुमच्या मांडणीत क्रमाने:

बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) नवीन करा आणि पंख्याचं प्रोफाइल बघा. २०१९ च्या सुरुवातीच्या बायोसमध्ये बऱ्याच बोर्डांवर हा पंखा वापरकर्त्याच्या हाती दिलेलाच नव्हता. नंतर सायलेंट, बॅलन्स्ड असे पर्याय आले. सायलेंटमध्ये ठरावीक तापमानाखाली पंखा पूर्ण थांबतो, मात्र तो उंबरठा बोर्डागणिक वेगळा. नुसत्या ब्राउझरला २,५०० दिसतंय म्हणजे तुमचं प्रोफाइल बहुधा बॅलन्स्डच आहे.

ग्राफिक्स कार्डचा झिरो-आरपीएम मोड बंद करून बघा. हे उलटं वाटेल. कार्ड रिकामं असताना त्याचे पंखे थांबतात, पण १५-२० वॉट उष्णता निघतच असते आणि ती बरोबर चिपसेटच्या डोक्यावर साचते. मग चिपसेट ६० च्या वर जातो आणि छोटा पंखा सुरू होतो. कार्डचे पंखे किमान वेगावर, समजा ३० टक्क्यांवर, सतत फिरते ठेवले तर तिन्ही मिळून त्या एका पंख्यापेक्षा कमी ऐकू येतात.

खालच्या एम.२ मधली एसएसडी चिपसेटमधून जाते. वरचा स्लॉट सीपीयूच्या स्वतःच्या चार लेनवर असतो. एडिटिंगमध्ये सतत वाचन-लेखन खालच्या एसएसडीवर होत असेल तर चिपसेटही राबतो, शिवाय एसएसडीची उष्णता त्याच पत्र्याच्या आवरणातून चिपसेटच्या हीटसिंकला मिळते. जास्त राबणारी एसएसडी वर, विंडोजची खाली, अशी अदलाबदल करा. विंडोजला वेगातला फरक जाणवत नाही.

इतकं करून मग तळाच्या झाकणावर १५ मिमी जाडीचा सपाट १२० मिमी पंखा, तोंड वर करून. नॉक्टुआचा एनएफ-ए१२एक्स१५ किंवा आर्क्टिकचा पी१२ स्लिम, काहीही चालेल. झाकणाला जाळी आहे म्हणता, म्हणजे खालून हवा मिळेल. त्याखालच्या एसएमपीएसचा पंखा मात्र कॅबिनेटच्या तळाकडे तोंड करून बसलेला हवा, नाहीतर दोघं एकाच हवेसाठी भांडतील. पंख्याचा उजवा अर्धा भाग चिपसेटच्या रेषेत येऊ द्या. चार कोपऱ्यांत रबराचे तुकडे आणि दोन केबल टाय, स्क्रूची गरज नाही. वेग ५०० ते ७००.

या पंख्याचा तापमान-स्रोत बायोसमध्ये सीपीयू ठेवू नका. सीपीयू क्षणात ४५ वरून ७० ला उडी मारतो आणि पंखा उगाच वरखाली गुरगुरतो. स्रोत पीसीएच (चिपसेटचंच दुसरं नाव) किंवा चिपसेट निवडा. ५५ पर्यंत ३० टक्के, ७० ला ४५, ८० ला ७०. वाढ-घटीचा विलंब असेल तिथे सगळ्यात मोठा आकडा द्या. चिपसेटचं तापमान मिनिटांच्या हिशोबाने बदलतं, त्याला घाई नसते.

घाबरायचा आकडा: सलग ८० खाली असेल तर मला त्यात काही वावगं दिसत नाही. ८५ ला हात लावावा, ९० च्या वर राहू देऊ नये.

शून्य_डेसिबल

एवढा खटाटोप कशाला? पंख्याची वायर काढा, वरचं प्लॅस्टिकचं झाकण काढा, झालं. नुसत्या ब्राउझिंगला ७० च्या आत राहतं. बिनपंख्याचे एक्स५७०एस तीच चिप घेऊन चालतात ना.

मंद_वारा

चिप तीच, हीटसिंक तो नाही. बिनपंख्याच्या बोर्डांवर धातू कितीतरी जास्त आणि फिनमधलं अंतर मोठं असतं, म्हणजे हवा आपोआप वर सरकू शकते. पंख्याच्या हीटसिंकमध्ये फिन दाट असतात, ढकलल्याशिवाय हवा त्यातून जात नाही. प्लॅस्टिक काढल्याने थोडं बरं होतं, एवढंच.

अंदाजे आकडे मांडू. पंखा बंद असलेला चपटा हीटसिंक वॉटमागे ३ अंश तापतो असं धरा. गेममध्ये चिप ९ वॉट घेत असेल तर २७ अंश. चिप आणि हीटसिंकमधल्या जुन्या पॅडमध्ये आणखी १२. नागपूरच्या मेमध्ये खोली ४०, कार्डखालची हवा ५२. बेरीज ९१. ब्राउझिंगला चालतं हे खरं, पण प्रश्न मेच्या दुपारी चालणाऱ्या गेमचा आहे. खालून मंद हवा दिली की तोच हीटसिंक वॉटमागे पावणेदोन-दोन अंशांवर येतो आणि कार्डखालची हवाही चार-पाच अंशांनी उतरते. मग छोटा पंखा सायलेंट प्रोफाइलवर जागेवर राहिला तरी तो क्वचितच फिरेल. अडीअडचणीसाठी असू दे की तिथे.

वायर काढायचीच असेल तर बायोसमधला त्या पंख्याचा फेल-वॉर्निंग पर्याय आधी बघा. तो चालू असेल तर बोर्ड बीप करत राहतो.

तांब्याचा_पत्रा

पॅडबद्दल कुणी सविस्तर बोललं नाही म्हणून लिहितो. फरक पडतो, आणि तो मोजता येतो.

पॅडचा अडथळा = जाडी ÷ (वाहकता × क्षेत्रफळ). डायचं क्षेत्रफळ १२० चौरस मिमी धरा. १ मिमी जाडीचा, ६ वॉट प्रति मीटर-केल्विनचा पॅड असेल तर वॉटमागे सुमारे १.४ अंश, म्हणजे ११ वॉटला १५ अंश नुसते पॅडमध्ये जातात. तोच पॅड अर्धा मिमी असेल तर साडेसात. कारखान्यातून येणारे पॅड बहुधा ६ चे नसतात, ३ च्या आसपासचे असले तर हे आकडे दुप्पट. तीन-चार उन्हाळे काढलेला पॅड तेल सोडून खडूसारखा भुरभुरीत होतो आणि डायच्या कडेला त्याचा संपर्क सुटतो.

"मग पॅड काढून सरळ थर्मल पेस्ट लावतो" हा विचार सगळ्यांच्या डोक्यात येतो आणि इथेच घात होतो. या बोर्डांवर हीटसिंक डायवर टेकत नाही, तो स्क्रूखालच्या खांबांवर टेकतो. डाय आणि धातू यांत ठरवून फट ठेवलेली असते. पेस्ट त्या फटीत पुरत नाही. सुरू केल्यावर पाच मिनिटांत ९० दिसतात.

म्हणून आधी फट मोजा. मुलांची खेळायची क्ले घ्या, हरभऱ्याच्या अर्ध्या दाण्याएवढी, प्लॅस्टिकच्या पातळ पिशवीच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवून डायवर ठेवा. हीटसिंक स्क्रूंनी पूर्ण आवळा, पुन्हा उघडा, चपटी झालेली क्ले ब्लेडने कापून व्हर्नियरने मोजा. आवळल्यावर २० ते ३० टक्के दाबला जाईल एवढा जाड पॅड घ्यायचा, आणि मऊ घ्यायचा. कडक पॅड जाड निघाला तर हीटसिंक उचलला जातो, बोर्ड वाकतो आणि त्याच आवरणाखालच्या एसएसडीचा पॅड टेकत नाही. पातळ निघाला तर संपर्कच नाही.

उघडताना:

ग्राफिक्स कार्ड काढण्याआधी पीसी दहा-पंधरा मिनिटं चालवा. कोमट पॅड सुटतो, थंड पॅड चिकटून बसतो. मग एसएमपीएसचं बटण बंद, पिन काढा, पॉवर बटण दोन-तीनदा दाबा, कार्ड काढा. हीटसिंकचे स्क्रू बहुतेक बोर्डांवर मागून असतात, म्हणजे बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढावाच लागतो. काहींवर वरून असतात, ते आवरणाच्या चिकटपट्टीखाली किंवा एम.२ च्या झाकणाखाली लपलेले. स्क्रू निघाले की सरळ वर ओढू नका. डावी-उजवीकडे चार-पाच अंश हलके फिरवा, सुटेल तेव्हा उचला. ओढलं तर बीजीए (खालून सोल्डरच्या गोळ्यांनी बोर्डाला जोडलेल्या) चिपच्या सोल्डरवर ताण येतो आणि ते घरी दुरुस्त होत नाही. पंख्याची वायर अजून बोर्डाला लागलेली असते हे विसरून हीटसिंक झटक्यात उचलू नका. तिचा कनेक्टर इवलासा, १.२५ मिमी अंतराच्या पिनांचा असतो आणि बोर्डावरून उपटून येतो.

जुना पॅड नखाने किंवा जुन्या प्लॅस्टिक कार्डाने, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चष्म्याचं कापड. नेलपॉलिश रिमूव्हर नको. नवा पॅड डायपेक्षा प्रत्येक बाजूला एक मिमी मोठा कापा. दोन्ही बाजूंचं पातळ आवरण काढलंय ना ते तिरक्या उजेडात बघा. एका बाजूचं राहून जाणं ही सगळ्यात सर्रास चूक आहे. स्क्रू समोरासमोरचे, अर्धा-अर्धा आटा करत. डाय उघडा आहे, एकच कोपरा आधी आवळला तर कड टवकते.

लिक्विड मेटल चुकूनही नको. त्यातलं गॅलियम ॲल्युमिनियम खातं, आणि हे हीटसिंक ॲल्युमिनियमचेच असतात.

विदर्भी_पीसी

झिरो-आरपीएम बंद, बायोस सायलेंटवर, एसएसडींची अदलाबदल केली. ३२ अंशांच्या खोलीत ब्राउझरला चिपसेट ५७, पंखा थांबलेला. गेमला ७५, पंखा २,६०० ला अधूनमधून. झाकणावरचा पंखा अजून आणायचाय.

हीटसिंक उघडला. क्लेने फट ०.७ मिमी आली. जुना पॅड भुरभुरीत, मध्ये डायचा चौकोन उमटलेला. आता १ मिमीचा पॅड घ्यावा की थर्मल पुट्टी (पॅडऐवजी भरायचा उष्णता वाहणारा लगदा)? कुणीतरी तांब्याची चकती टाकायलाही सांगितलं. आणि हे सामान ऑनलाइनच मागवायचं का?

तांब्याचा_पत्रा

०.७ ला १ मिमीचा मऊ पॅड बरोबर बसतो, ३० टक्के दाबला जाईल. पाकिटावर कडकपणा शोअर-०० मध्ये दिलेला असतो, ५० किंवा कमी बघा. वाहकतेच्या आकड्यांवर फार जाऊ नका. १२-१४ छापलेले पॅड बरेचदा कडक असतात आणि चपट्या हीटसिंकच्या चार बारीक स्क्रूंनी ते दाबलेच जात नाहीत. तुमच्या फटीत ६ चा मऊ पॅड ११ वॉटला दहा-अकरा अंश घेईल.

पुट्टी माझ्या मते इथे जास्त चांगली. जाडीचा अंदाज चुकला तरी ती स्वतः फट भरते आणि बोर्डावर ताण येत नाही. अप्सायरनची यूटीपी-८ किंवा त्या जातीची कुठलीही. डायवर मध्ये गोळी ठेवा, फटीच्या दीडपट उंच, पसरवू नका, स्क्रू पसरवतील. बाहेर आलेली पुट्टी आजूबाजूच्या कपॅसिटरवर गेली तरी हरकत नाही, ती वीज वाहत नाही. फक्त पुढच्या वेळी उघडाल तेव्हा साफसफाईचा वैताग आहे.

तांब्याची चकती कागदावर उत्तम. ०.६ मिमीची चकती आणि दोन्ही बाजूंना पेस्ट, अडथळा जवळजवळ नाहीसा. पण तुमच्या ०.७ मध्ये क्लेची आणि व्हर्नियरची चूक मिळून ०.१ सहज असते. चकती फटीपेक्षा किंचित जाड निघाली तर सगळा दाब उघड्या डायवर. शिवाय टॉवर कॅबिनेटमध्ये बोर्ड उभा असतो, पेस्ट पातळ होऊन चकती सरकली तर शेजारच्या कपॅसिटरवर तांबं. चार-पाच अंशांसाठी हा सौदा मला पटत नाही. कुणी करणारच असेल तर डायभोवती कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी, वीज न वाहणारी चिकटपट्टी) लावल्याशिवाय करू नये.

सीताबर्डीत पुट्टी विचारलीत तर सफेद हीटसिंक कंपाउंडची डबी हातात देतील. ती इथे निरुपयोगी. मुंबईत लॅमिंग्टन रोडला पॅड मिळतात, पण जाडी स्वतः मोजून घ्या, पाकिटावर १ लिहिलेला ०.८ निघतो. बाकी ऑनलाइन.

पेंग्विनदादा

मूळ प्रश्नकर्ते विंडोजवर आहेत, पण लिनक्सवाल्यांसाठी. एक्स५७० वर एलएम-सेन्सर्समध्ये (तापमान वाचायचं साधन) चिपसेटचं तापमान बहुतेक वेळा आपोआप दिसत नाही. गिगाबाइटच्या बोर्डांना गिगाबाइट-डब्ल्यूएमआय, असुसच्या बऱ्याच बोर्डांना असुस-ईसी-सेन्सर्स हे कर्नल मॉड्यूल आहे. त्यानंतर आकडे येतात. असुसच्या मॉड्यूलमध्ये ते नावानिशी असतात, गिगाबाइटच्या मात्र नावाशिवाय, temp१, temp२ छाप. तिथे कोणता चिपसेटचा ते ओळखायची सोपी रीत: खालच्या एसएसडीवरून मोठी फाइल दहा मिनिटं वाचत ठेवा, जो आकडा हळूहळू चढतो आणि हळूहळूच उतरतो तो चिपसेट. झटक्यात वरखाली होणारा सीपीयू.

पंखे एनसीटी६७७५ ड्रायव्हरने हाती येतात (बोर्डवरची पंखे-सेन्सर सांभाळणारी सुपर आय/ओ चिप न्युव्होटोनची असेल तर), मग पीडब्ल्यूएमकॉन्फिग चालवून फॅनकंट्रोलची फाइल बनवा. दोन खोड्या. रीबूटनंतर एचडब्ल्यूमॉनचे (कर्नलमधल्या सेन्सरांचे) क्रमांक बदलू शकतात, मग फाइल जुळत नाही आणि फॅनकंट्रोल सुरूच होत नाही. आणि पीसी झोपेतून उठला की चिप पंख्याचा ताबा परत बायोसकडे देते, त्यामुळे फॅनकंट्रोल सर्व्हिस उठल्यावर पुन्हा सुरू होईल असं लावून ठेवा. हे जमणार नसेल तर वक्ररेषा (किती तापमानाला पंख्याचा किती वेग) बायोसमध्येच टाका, ती कुठल्याही ओएसखाली चालते.

विंडोजवर फॅन कंट्रोल नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात दोन वक्ररेषांचा कमाल घेता येतो: एक चिपसेटची, एक ग्राफिक्स कार्डची. झाकणावरच्या पंख्याला तो कमाल द्या. कार्ड तापायला लागलं की पंखा चिपसेट तापायच्या आधीच वेग घेतो.

शून्य_डेसिबल

बरं, मे आणि गेम दोन्ही असतील तर माझा सल्ला मागे. पण नॉक्टुआच्या ४० मिमीचं उत्तर राहिलंच.

मंद_वारा

एनएफ-ए४एक्स१० एफएलएक्स: १२ व्होल्टला ४,५०० आरपीएम, १७.९ डेसिबल. सोबतच्या लो-नॉइज अडॅप्टरने ३,७००, १२.९ डेसिबल. हे मोकळ्या हवेतले आकडे. दाट फिनवर, वर कार्डचं छप्पर असताना आवाज वाढतो, मात्र बेअरिंग शांत असल्याने किणकिण नसते. बसवताना अडचणी तीन. जाडी १० मिमी, तेव्हा कार्ड जागेवर ठेवून हीटसिंकच्या वर किती जागा उरते ते आधी मोजा. मूळ पंखा बहुधा हीटसिंकच्या पोटात बसणारा, बिनचौकटीचा असतो, चौकोनी चौकटीचा तिथे उतरत नाही, वर ठेवावा लागतो. आणि कनेक्टर जुळत नाही, म्हणून तो सिस्टिम फॅनच्या नेहमीच्या हेडरवर लावायचा, हेडर डीसी मोडवर (व्होल्टेज कमी-जास्त करून वेग बदलणारा) ठेवून, कारण एफएलएक्स तीन पिनांचा आहे. पीडब्ल्यूएम मोडवर ठेवलात तर तो कायम पूर्ण वेगाने फिरेल आणि लोक पंख्याला दोष देतील.

मूळ पंखा घासत असेल तर बदलण्याआधी एक स्वस्त उपाय: पंख्यामागची चकतीसारखी चिकटपट्टी अर्धी उचला, खाली रबरी बूच किंवा उघडी बेअरिंग दिसते. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब, टाचणीच्या टोकाने. पट्टी परत चिकटवायची जागा अल्कोहोलने पुसून कोरडी करा, नाहीतर तेल फिनवर उडतं. खोबरेल तेल घालू नका, ते घट्ट होऊन काही महिन्यांत पंखा जाम करतं.

जुना_बोर्ड

या धाग्याशी जोडून एक विचारतो. एनव्हिडियाच्या एनफोर्स४ चिपसेटचा, २००५ च्या सुमारचा बोर्ड जुन्या गेमसाठी चालू ठेवायचाय. त्याचा ४० मिमीचा पंखा बंद पडलाय. त्याला यातलं काय लागू?

तांब्याचा_पत्रा

उलट तुमचं काम सोपं. त्या काळी चिपसेटच्या हीटसिंकला भोकं किंवा आकडे असायचे आणि वेगळे हीटसिंक सर्रास मिळायचे: झालमनचा झेडएम-एनबी४७जे, थर्मलराइटचा एचआर-०५, नॉक्टुआचा एनसी-यू६. आता जुन्या सामानातच सापडतील. घेण्याआधी दोन भोकांमधलं तिरकं अंतर मोजा. एनफोर्स४ च्या पुष्कळ बोर्डांवर चिपसेट नेमका ग्राफिक्स कार्डच्या खाली असतो, तिथे झालमनचा उंच सिंक लांब कार्डला आडवा येतो. एचआर-०५ हीटपाइपवर असल्याने कार्डपासून बाजूला वळवता येतो. तिथे हीटसिंक थेट चिपवर टेकतो, म्हणून पॅड नको, पेस्टच लावा. प्लॅस्टिकच्या खुंट्या वीस वर्षांत ठिसूळ झालेल्या असतात. मागून पक्कडीने दाबल्या की तुटतात, तेव्हा एम२.५ किंवा एम३ चे स्क्रू, नायलॉन वॉशर आणि मऊ स्प्रिंग जवळ ठेवा. स्प्रिंगशिवाय स्क्रू आवळू नका.

विदर्भी_पीसी

पुट्टी घातली, झाकणावर १२० चा सपाट पंखा ६०० ला. ३४ अंशांच्या खोलीत तासभर गेमनंतर चिपसेट ६८, छोटा पंखा थांबलेला. आता राहिला मे. अधूनमधून एक यूएसबी हार्डडिस्क सुटते, ती उष्णतेमुळे का?

मंद_वारा

६८ ला उष्णतेला दोष देता येणार नाही. चिपसेट खरंच तापला की यूएसबी, साटा, नेटवर्क यांपैकी एकाहून अधिक गोष्टी एकदम रुसतात, कारण त्या सगळ्या त्याच चिपवर लटकलेल्या असतात. नुसती यूएसबी सुटत असेल तर बायोसमधली एजीसा (एएमडीचं बायोसमधलं मूळ फर्मवेअर) आवृत्ती बघा. ५०० मालिकेच्या बोर्डांवर यूएसबी सुटण्याचा दोष होता, एएमडीने तो २०२१ मध्ये एजीसा १.२.०.२ मध्ये दुरुस्त केला. त्याआधीची असेल तर बायोस बदला. नंतरची असेल तर केबल बदला आणि मागच्या बाजूचं सीपीयूमधून येणारं पोर्ट वापरून बघा, बोर्डाच्या पुस्तिकेत कोणतं ते दिलेलं असतं.

मेसाठी दोन गोष्टी. कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका. खस ओली असताना बारीक तुषार येतात आणि बोअरच्या पाण्यातले क्षार फिनवर पांढरा थर धरतात. कॅबिनेट झोताच्या आडव्या दिशेला, जमिनीपासून वीतभर वर ठेवा. आणि तळाचा पंखा आल्यामुळे धूळ आता खालून येणार, तिथे जाळीचा फिल्टर लावा आणि महिन्यातून एकदा झटका. ब्लोअर मारताना चिपसेटच्या छोट्या पंख्याचं पातं काडीने धरून ठेवा. हवेने तो त्याच्या क्षमतेपेक्षा जोरात फिरला की बेअरिंग जाते, आणि मग गेलेली किणकिण परत येते.

पेंग्विनदादा

फिल्टर लावल्यावर तोच पंखा ६०० ला निम्मीच हवा देईल. १००-१५० आरपीएम वाढवून पुन्हा मोजा.